खिळा, दोरी आणि चुरी सर

चुरी सरांनी माझी ओळख होण्याआधीच मला दुरुस्त केलं होतं.

नव्वदीची सुरुवात होती. लग्न होऊन मी संगमेश्वरहून विरारला आले होते आणि इथल्याच एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायला रुजू झाले होते. पहिल्या दिवशी मुख्याध्यापिका बाई मला शिक्षकांच्या खोलीत घेऊन गेल्या आणि, का कोण जाणे, विरारला येऊन किती दिवस झाले ते इंग्रजीत विचारलं. मीही हौसेनं इंग्रजीत उत्तर दिलं, "आय अॅम स्टेइंग हिअर सिन्स सिक्स मंथ्स."

"फॉर," कपाटामागून आवाज आला. "हॅव बीन स्टेइंग. फॉर सिक्स मंथ्स."

कपाटाच्या पलीकडे एक बारीक, सावळे, पन्नाशीला टेकलेले गृहस्थ वह्या तपासत बसले होते. बोलताना त्यांनी मान वर केली नव्हती. माझे कान तापले. बाई हसल्या. "हे आमचे चुरी सर. मनावर घेऊ नका हो, आम्हा सगळ्यांचं झालंय." तेव्हा कुठे त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे पाहिलं, आणि टेबलाच्या खणातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वेलची केळी काढली.

"बसा. केळं घ्या. आमच्या वाडीतलं आहे."

त्यानंतर आठ वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

सर आगाशीचे. वाडवडिलांची छोटीशी वाडी होती. केळी, थोडी नारळाची झाडं, विहिरीकडेला जास्वंद. पहाटे उठून वाडीला पाणी लावायचं, मग एसटीनं विरारला यायचं, हा त्यांचा क्रम. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा. नखांत मात्र कधीकधी माती राहिलेली असे आणि तिच्यावर खडूची भुकटी बसे. आवाज लहान. मुलांना मारताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण इंग्रजीत काळवेळ सांगताना कुणी चुकलं की त्यांना खरोखर वेदना होत. स्पेलिंग चुकलं तर चालायचं. उच्चार तर त्यांचे स्वतःचेच आगाशीचे होते. "पण कधी झालं, केव्हापासून चाललंय, किती वेळ चाललंय, हे ज्याला नीट सांगता येत नाही, त्याचं कुणी खरं धरत नाही," असं ते म्हणत.

त्यांची शिकवायची तऱ्हा शाळाभर प्रसिद्ध होती. फळ्यावर ते एक खिळा काढत. खिळ्याला बांधलेली एक लांब दोरी काढत आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला लिहीत, 'आज'.

"सिन्स म्हणजे खिळा. जिथं बोट ठेवता येतं ती जागा. सोमवार, दिवाळी, सकाळी सात वाजता. आणि फॉर म्हणजे दोरी. तिची लांबी मोजायची. तीन दिवस, दोन वर्षं, खूप वेळ. मराठीत आपण दोन्हीला 'पासून' लावून मोकळे होतो. सोमवारपासून ताप आहे, तीन दिवसांपासून ताप आहे. इंग्रजीत तसं चालत नाही. आता सांगा. मंडे?"

"खिळा!"

"टू अवर्स?"

"दोरी!"

"माय बर्थ?"

"खिळा!"

"अ लाँग टाइम?"

इथं निम्मा वर्ग खिळा म्हणे, निम्मा दोरी. सर हसत. मधल्या सुट्टीत मुलं व्हरांड्यात एकमेकांच्या अंगावर धावून जात 'खिळा की दोरी' ओरडत खेळायची. माझ्या तासाला विजेचा परिपथ काढला, तरी मागून कुणीतरी हळूच म्हणे, "दोरी!"

हे वेड त्यांना कुठून लागलं, हे मला दोनेक वर्षांनी कळलं. एकदा पेपर तपासताना त्यांनी आपण होऊन सांगितलं. बी.ए. झाल्यावर मुंबईत एका मोठ्या कचेरीत नोकरीसाठी मुलाखत होती. धुतलेला सदरा, मेव्हण्याचे बूट. दोन तास बाकावर बसवून ठेवल्यावर आत बोलावलं. साहेबानं सहज विचारलं, फार वेळ थांबावं लागलं का. सर म्हणाले, "सर, आय अॅम वेटिंग सिन्स टू अवर्स."

"तिघं होते समोर. तिघंही हसले," सर म्हणाले. "वाईट नव्हते हो ते. एकानं तर पाणीही दिलं प्यायला. पण त्यानंतर त्यांनी मला काहीच विचारलं नाही. मी दोन तास बसलो होतो हे खरं होतं ना? ते कुणाला ऐकूच गेलं नाही. नुसती चूक ऐकू गेली."

मग लाल पेन उचलून ते म्हणाले, "माझ्या पोरांवर कुणी हसता कामा नये. एवढंच आहे बघा माझं."

शाळेत त्यांची थट्टा व्हायची, आणि ती त्यांना कळायचीही. एका पावसाळ्यात शाळेच्या आवारात पाणी भरलं तेव्हा बाईंनी फाटकावर सूचना लावली, 'शाळा सोमवारपर्यंत बंद राहील.' सर सूचनेसमोर उभे राहिले. "बाई, सोमवार धरून की सोडून?" बाई वैतागल्या. "अहो सर, ही मराठी आहे. सगळ्यांना कळतं." सोमवारी निम्मी मुलं आली, निम्मी आली नाहीत. शिक्षकांपैकी आम्ही चौघं आलो, बाकीचे घरी. स्वतः बाईसुद्धा घरीच. सर गुडघाभर पाण्यातून आले होते. त्यांनी फक्त सूचनेखाली खडूनं लिहून ठेवलं, 'मंगळवारी उघडेल.' पुढं बाईंनी प्रत्येक सूचना आधी सरांकडे पाठवायचा नेम केला.

आगाशीच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती त्यांच्या मालतीच्या लग्नानंतर. मालती ही त्यांची एकुलती मुलगी, बोईसरला दिलेली. लग्नाला मला जमलं नव्हतं म्हणून आहेर द्यायला गेले. शाळेत छापील मराठी बोलणारे सर घराच्या उंबऱ्याच्या आत गेले की वेगळेच होत. त्यांच्या पत्नी विमलवहिनी ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, बोलायला मोकळ्या. "ये बाय, बस. पानी घे आदी," म्हणत त्यांनी तांब्या पुढं केला आणि लगेच तक्रार सुरू केली.

"सोन्यासारका मानूस, पन बोलू देत नाय. मी काय सांगाया गेले का इचारतात, कदी? कोन्त्या साली?"

"मग विचारू नको?" सर म्हणाले. "मालतीचा जन्म कधीचा, असं कुणी विचारलं तर ही काय सांगते ठाऊक आहे? वादळात वाडीतल्या केळी आडव्या झाल्या त्या साली."

"मंग? सगल्या केली आडव्या झाल्या ते अख्ख्या गावाला ठावं हाय. तुमचा सन कोनाला ठावं हाय?"

सर इतकं मोकळं हसलेले मी शाळेत पाहिले नव्हते. परत निघताना ते मला म्हणाले, "हिला दोरी मोजता येत नाही. पण हिचे खिळे माझ्यापेक्षा पक्के आहेत."

आता ती गोष्ट सांगते. तिच्यामुळेच मी हे लिहायला घेतलं, आणि तिच्यापाशी येईपर्यंत मी बराच वेळ काढला, हे मला कळतंय.

नववीच्या वर्गात सुवर्णा नावाची मुलगी होती. शेवटच्या बाकावर बसायची. वडील गवंडी, परभणीकडून कामाला आलेले. आई चार घरची धुणीभांडी करायची. चंदनसारला आमच्या इमारतीच्या मागं बैठ्या चाळी होत्या, तिथं ते राहत. पाण्याचा टँकर आला की हंडा घेऊन उभी असलेली ती मला दिसायची. मला पाहिलं की ती मान खाली घालायची. वर्गात तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. हजेरीला 'उपस्थित' म्हणायची तेवढाच.

एका बुधवारी मी शेजारच्या वर्गात शिकवत होते. भिंतीपलीकडून नववीचा कोरस आला. सरांची ही नेहमीची पद्धत. कुणीतरी वाक्य करायचं, सरांनी ते नीट करायचं, मग सगळ्या वर्गानं तीनदा म्हणायचं.

"माय फादर हॅज नॉट कम होम फॉर एट डेज!"

तीनदा. चाळीस मुलं, मोठ्या आवाजात, सुरात.

घंटा झाल्यावर मी नववीवर गेले तेव्हा सर दारातच भेटले. चेहरा उजळलेला. "बाई, आज सुवर्णा बोलली! स्वतःहून हात वर केला. 'माय फादर इज नॉट कम होम सिन्स एट डेज.' सिन्स चुकलं, पण वाक्य आपलं आपण केलं तिनं. वर्षभरात पहिल्यांदा!"

मी आत गेले. फळ्यावर ते वाक्य सरांच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं. 'फॉर एट डेज'च्या खाली दोन रेघा. शेवटच्या बाकाकडे मी पाहिलं. सुवर्णा खाली वहीत बघत होती. मी डस्टर उचललं, फळा पुसला आणि विद्युतघटाची आकृती काढायला लागले. ती गोष्ट आठवली की आजही माझा हात थांबतो. वाक्य मी वाचलं होतं. त्या मुलीचं घर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. तिचा बाप कितीतरी दिवसांत मला दिसला नव्हता. आणि मी फळा पुसला.

गुरुवारी ती आली नाही. शुक्रवारी, शनिवारीही नाही.

सोमवारी सकाळी आमच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं. सुवर्णाची आई त्यांच्याकडे कामाला होती. तिचा नवरा गुजरातकडच्या एका इमारतीच्या कामावर गेला होता, दोन दिवसांसाठी म्हणून. तिथं परांचीवरून पडला. डोक्याला मार लागला. खिशात नाव-पत्ता काही नव्हतं, आणि मुकादम तिथून नाहीसा झाला. तिथल्या दवाखान्यात तो बेवारस म्हणून पडून होता. शनिवारी बरोबरचा एक मजूर शोधत शोधत चंदनसारला आला, तेव्हा घरी कळलं. सुवर्णाची आई दिराला घेऊन गेली, पण पोचली तेव्हा सगळं आटपलं होतं.

मी शाळेत गेले आणि मधल्या सुट्टीत सरांना सांगितलं. ते वह्यांचा गठ्ठा बांधत होते. थांबले.

"गेला कधी?"

"गेल्याच आठवड्यात, सर."

"गेल्या आठवड्यात म्हणजे कधी? वार सांगा."

"शुक्रवारी सकाळी, म्हणतात."

सरांनी बोटांवर मोजलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. एकदा मोजलं, मग पुन्हा मोजलं.

"म्हणजे बुधवारी होता," ते म्हणाले.

"सर, मार जबर होता. वाचला असता असं नाही. आणि आपल्याला कुठं ठाऊक होतं?"

"ठाऊक कसं नव्हतं?" त्यांचा आवाज वाढला नाही. उलट बसला. "तिनं सांगितलं ना मला. चाळीस मुलांसमोर उभं राहून सांगितलं. मी ते फळ्यावर लिहिलं, बाई. खाली रेघा मारल्या."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं चंदनसारला गेलो. सर स्टेशनचा पूल ओलांडून पूर्वेला फारसे कधी येत नसत. चाळीच्या दारात त्यांनी चपला काढल्या आणि आत न जाता तिथंच उभे राहिले. आत पाच-सहा बायका बसल्या होत्या. सुवर्णाची आई भिंतीला टेकून, कपाळ मोकळं. मला पाहून तिनं पदर सारखा केला. सुवर्णा स्टोव्हपाशी होती. आमच्यासाठी ती चहा ठेवायला लागली. मी नको म्हणाले तरी ठेवलाच.

"सर आलेत, सुवर्णा," मी म्हणाले.

आईच बोलायला लागली. "म्याच तिला दम दिला हुता. कुनापाशी बोलू नगं म्हनून. मागंबी येकदा धा दिस आला न्हवता त्यो, कामावर ऱ्हायला हुता. म्हनलं आता कळलं तर खोलीवाला म्हनंल, घरात पुरुष न्हाई, खोली रिकामी करा."

सुवर्णानं बशीत चहा ओतून तिथं बसलेल्या एका आजीबाईंपुढं ठेवला. मग सरांकडे न बघता म्हणाली, "आईनं कुणाला सांगायचं नाही म्हटलं होतं. मला वाटलं, इंग्रजीत सांगितलं तर सरांना कळेल. बाकीच्यांना नाही कळणार."

सर दाराची चौकट धरून उभे होते.

"माझं चुकलं, बाळ," ते म्हणाले.

सुवर्णानं पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं. जरा गोंधळली. मग सरांना धीर द्यावा तसं म्हणाली, "नाही सर. सिन्स माझंच चुकलं होतं."

परत येताना पुलाच्या पायऱ्यांवर मधेच सर बसले. लोक दोन्ही बाजूंनी जात होते. मी शेजारी उभी राहिले. पाच मिनिटांनी उठले, सदरा झटकला आणि म्हणाले, "तिची शाळा सुटता कामा नये."

पुढचे सहा-सात शनिवार ते सकाळची शाळा आटपली की चंदनसारला जायचे. चाळीसमोर एक बंद पडलेलं पिठाच्या गिरणीचं जोतं होतं, तिथं बसून तिला शिकवायचे. इंग्रजीच नव्हे, गणित, इतिहास, सगळं. तिच्या आईला समजावायचे. मुख्याध्यापिका बाईंना भेटून तिची हजेरी सांभाळून घेतली. माझ्याकडून विज्ञानाच्या वह्या नेल्या. खिडकीतून मला ते दोघं दिसायचे. सर बोलत नसत फारसे. बहुधा तीच काहीतरी वाचून दाखवत असे आणि सर मान खाली घालून ऐकत.

पण घरात मिळवता माणूस नव्हता, आणि दीर गावी चला म्हणून मागं लागला होता. दिवाळीच्या सुट्टीत ते परभणीकडे गेले, आणि सुट्टी संपली तरी परतले नाहीत. जाण्याआधी सरांनी तिला पाच पोस्टकार्डं दिली होती. पाचही कार्डांवर आगाशीचा पत्ता स्वतःच्या अक्षरात लिहून. त्यांतलं एक आलं, पुढच्या उन्हाळ्यात. सर ते शाळेत घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवलं. मराठीत चार ओळी. आई बरी आहे. पाऊस अजून नाही. माझं लग्न ठरलं आहे, तुम्ही या. शाळेची आठवण येते. तारीख नव्हती, गावाचं नाव नीट लागत नव्हतं.

"पंधरा पुरी झाली का हो तिला?" सरांनी विचारलं.

त्या दिवशी ते दोन तास रिकामे असून शिक्षकांच्या खोलीत आले नाहीत. मैदानाच्या कडेला उन्हात उभे होते.

सर बदलले ते तेव्हापासून. बाहेरून कुणाला कळलं नसेल. फळ्यावर खिळा-दोरी असायचीच, कोरसही व्हायचा. पण कुणी मुलानं वाक्य केलं, की दुरुस्त करण्याआधी सर एक प्रश्न विचारायचे.

"हे खरं आहे का?"

मुलं चक्रावायची. "माय ग्रँडमदर इज इल सिन्स दिवाली," एखादा म्हणे. सर खडू खाली ठेवत. "खरं आहे का?" "नाही सर, आजी गावाला ठणठणीत आहे." वर्ग खदखदून हसे, सरही सुटल्यासारखे हसत. "मग आता दुरुस्त करू." पण कधीकधी मूल काही बोलत नसे. नुसतं उभं राही. मग सर वर्गाला वाचायला सांगून त्या मुलाला व्हरांड्यात नेत. तिथं, खांबाशी, दहा दहा मिनिटं त्याचं ऐकत उभे राहत. माझ्या वर्गातून मला ते दिसायचे. कुणाचा बाप रोज मारायचा. कुणाची आई माहेरी निघून गेलेली. एका मुलाच्या घरी दोन दिवस चूल पेटली नव्हती, आणि त्यानं ते सर 'हॅड बेटर', म्हणजे 'केलेलं बरं', शिकवत असताना सांगितलं होतं.

त्यामुळे धडे मागं पडायचे. दहावीला शाळेचा इंग्रजीचा निकाल, जो सरांचा अभिमान होता, तो दोन वर्षं घसरला. बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. बाहेर येऊन सर माझ्या शेजारी बसले. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाले. "मुलांना परीक्षेत सिन्स-फॉर विचारणार. खरं आहे का, हे कोण विचारणार?" मग वह्या पुढं ओढत, "पण मला आता उलटं करताच येत नाही बघा."

ते निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात त्यांना इंग्रजीत दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. सर उभे राहिले, तोंड उघडलं, आणि मराठीतच म्हणाले, "मुलांनो, मी तुम्हाला बोलायला शिकवलं. ऐकायला मी फार उशिरा शिकलो. तुम्ही उशीर करू नका." टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतल्या नव्या शिक्षकांना ते भाषण जरा त्रोटक वाटलं. मी खाली बघत होते.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी विमलवहिनी आजारी पडल्या. पोटात दुखायचं. त्या सांगत नव्हत्या, आणि सांगितलं तेव्हा बरंच पुढं गेलं होतं. सरांनी त्यांना दवाखान्यात नेलं, परत आणलं, भात भरवला, पाय चेपले. वाडीचं पाणी पुतण्यावर सोपवलं. मी भेटायला गेले तेव्हा वहिनी खाटेवर होत्या, वाटीएवढ्या झालेल्या. मला पाहून हसल्या. "आता बग बाय, मी बोलते तर यांना काय पन इचारायचं नाय. नुसतं ऐकतात." सर खाटेच्या पायथ्याशी बसले होते.

वहिनी गेल्यावर मी दोन-तीन आठवड्यांनी गेले. सर ओट्यावर बसले होते. दाढी वाढलेली. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, "विमल जाऊन एकोणीस दिवस झाले." मग पुढं, "इंग्रजीत हे 'शी हॅज बीन डेड फॉर नाइनटीन डेज' असं म्हणावं लागतं. बरोबर आहे, व्याकरण बरोबर आहे. पण नाही म्हणवत. त्यात ती एकोणीस दिवस नुसती मेलेली पडून आहे, असं वाटतं. मराठीत कसं, 'जाऊन' एकोणीस दिवस झाले. जाणं तरी आहे तिथं. माणूस चालत गेल्यासारखं." मी आत जाऊन चहा केला. डबे कुठं आहेत ते मला ठाऊक नव्हतं आणि त्यांनाही नव्हतं.

पुढं माझ्या यजमानांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आम्ही संगमेश्वरला परतायचं ठरवलं. निघण्याआधी एका सकाळी मी आगाशीला सरांचा निरोप घ्यायला गेले. त्यांनी मला घावन खायला लावलं, पुतण्याच्या बायकोनं केलेलं. आम्ही शाळेबद्दल बोललो, बाईंबद्दल बोललो. सुवर्णाचं नाव दोघांनीही काढलं नाही. निघाले तेव्हा म्हणाले, "चला, बसपर्यंत येतो." त्यांना आता कमी ऐकू यायचं. रस्त्यानं मी काय बोलत होते ते त्यांना अर्धं कळत नसावं, पण दर दोन वाक्यांनी ते थांबून माझ्याकडे बघत आणि मान हलवत.

बाजारात पोचलो तर बस उभीच होती. मी चढले, खिडकीची जागा मिळाली. सर खाली उभे होते. तेवढ्यात कडेला टोपली मांडून बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळणीनं त्यांना हाक मारली. "मास्तर, अवो मास्तर! इकडं या की जरा." सर माझ्याकडे बघून हातानंच 'आलो' म्हणाले आणि तिच्याकडे वळले.

ती बोलायला लागली. काय सांगत होती ते मला खिडकीतून ऐकू येत नव्हतं. सुनेचं काही असावं किंवा मुलाचं. मधेच ती डोळ्यांना पदर लावत होती आणि मधेच गिऱ्हाइकाला हातानं थांबवत होती. सर आधी वाकले. मग ऐकू येईना म्हणून धोतर सावरून तिच्या टोपलीसमोर उकिडवे बसले आणि कानामागं हात धरला. गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. ती सांगत राहिली.

कंडक्टरनं घंटी दिली. बस हलली. मी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, "सर, येते!" म्हणून ओरडले. त्यांनी वळून पाहिलं नाही. ती बाई बोलत होती, आणि सर तिच्या तोंडाकडे बघत मान हलवत होते.

त्यानंतर चार महिन्यांनी पुतण्याचं पत्र आलं, सर गेल्याचं.